एक तास झाला, आता ऊठ

शेजारची पोर आज दुपारी आमच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. लिपिक-टंकलेखकाची लेखी परीक्षा पास झाली आणि टायपिंगच्या चाचणीत गेली. मराठीला मिनिटाला ३० शब्द लागतात, हिचे २१ भरले. क्लासमध्ये ३८ पडायचे. "काकू, तिथं हात चालत होता हो माझा!"

चालणारच ना! दहा दिवस, रोज सहा तास, आणि उतारा एकच. तोच बडवून बडवून बोटांना पाठ झालेला. नवा उतारा समोर आला आणि बोटं थिजली. या दहा दिवसांसाठी तिच्या आईनं शिलाईचे साठवलेले पैसे मोजलेत. संताप होतो नुसता!

मी बारावीच्या सुट्टीत टाइपरायटरच्या मशीनवर टायपिंग शिकले. सकाळी सात ते आठची बॅच. आठ वाजले की सर रोलरमधला कागद ओढून काढायचे, ओळ अर्धी असली तरी. "एक तास झाला, आता ऊठ." परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी गयावया केली, सर, दोन तास बसू द्या, शेजारचं मशीन रिकामंच आहे. नाही म्हणजे नाही. घरी येऊन आईपाशी सरांना वाट्टेल ते बोलले मी.

त्या मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. डोक्याला कळलेलं, बोटाला कळत नव्हतं. एका शुक्रवारी तासभर चुकतच राहिले. शनिवारी बसले आणि बोट आपणहून आधी वेलांटीवर गेलं. मधे काय झालं होतं? एक रात्र गेली होती, बस.

इंग्लंडच्या टपाल खात्यात पोस्टमनना कीबोर्ड शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी हेच मोजलं, १९७८ साली छापलंय. रोज एकच तास बसणारे एकूण कमी तासांत शिकले, चार-चार तास बसणाऱ्यांना जास्त तास लागले. आणि सगळ्यात नाखूश कोण, तर ते एक तासवालेच! वाचताना मला माझा ओढून काढलेला कागद आठवला. रोज सहा तास बसलं की माणसाला वाटतं आपण खूप शिकलो, आणि क्लासवाले नेमकं तेच वाटणं विकतात.

दिवस जास्त लागतात, मान्य. खेड्यातून येणाऱ्या मुलीला सहा महिने खोली परवडत नाही, तेही मान्य. तबलजी चिल्ल्याला, म्हणजे चाळीस दिवसांच्या सलग रियाजाला, बसतात म्हणाल, तर ते आधी वर्षानुवर्षं रोज बसलेले असतात.

आणि सर एका तासात पत्र, तक्ता, उतारा तिन्ही घ्यायचे. पत्रात हात बसतोय असं वाटेपर्यंत तक्ता पुढ्यात. चिडचिड व्हायची, चुका व्हायच्या. पण परीक्षेत कागद उलटला तेव्हा बोटं बिचकली नाहीत. सर आता नाहीत. त्यांना हे एकदा सांगायला हवं होतं.

पोरीला म्हटलं, रडू नकोस गं, पुढची जाहिरात निघेल तेव्हा निघेल, आपण आत्ताच सुरू करू. उद्या सकाळी सातला येतेय. कीबोर्ड पुसून ठेवलाय, आणि दर दिवशी नवा उतारा हवा म्हणून महिन्याभराची रद्दीही खाली काढलीय. आठला बंद.