काकांचं पार्कर
माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं एक जुनं फाउंटन पेन निघालं आणि त्याच संध्याकाळी घरात वाटणीचा विषयही निघाला. आजोबा सीपी अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळात नागपूरच्या सचिवालयात कारकून. एवढ्या भांडवलावर मोठ्या काकांनी जाहीर केलं, "साहेबानं खूश होऊन दिलं असंन. पार्कर ५१ आहे."

१९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ची निब घुंगट घेतलेली. टोक तेवढं दिसतं. ही तर उघडीबोडकी. पण काकांना सांगावं कोणी?

भिंगातून निबवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' अशी अक्षरं दिसली. "हिटलरच्या वेळचं!" म्हणत आत्यानं तिथंच हिस्सा मागितला. ही अक्षरं कुठल्याही स्वस्त देशी-चिनी पेनाच्या निबवर बिनदिक्कत असतात, हे ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

मग इतवारीची सराफा ओळ. सराफानं कसोटीचा दगड काढायचीही तसदी घेतली नाही. "निबवर १४ कॅरेटचा छाप नाही, ५८५चा नाही. सोन्याचं पाणी आहे भाऊ, तेही उडून राह्यलं," म्हणाला आणि लगेच माझ्या अंगठीकडे पाहू लागला.

शेवटी सीताबर्डीत पेनं दुरुस्त करणारे एक म्हातारबुवा गाठले. त्यांनी पेन अंगठ्यानं खसाखसा घासलं, हुंगलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. गंधकाचा वास! "एबोनाईट. रबरात गंधक घालून शिजवतात." मूळचं काळं पेन उजेडानं विटून शेवाळी-तपकिरी झालं होतं. या रंगाला काका 'शाही' म्हणत होते. आत रबरी नळी नाही, पंप नाही; ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायची. "आपल्याकडचंच आहे, लेथवर कातलेलं. निब मागून कोणीतरी बसवली."

"आणि किंमत?"

"नाव ना गाव. विकलं तर आपल्या दोघांचे तर्री पोहे होतीन. चहा तुमच्याकडून."

घरी निकाल सांगितला. आत्या म्हणाली, "तूच ठेव बाप्पा, तुला लिहाची हौस आहे."

काका मात्र ढिम्म. जन्मभर पुण्याच्या नावानं बोटं मोडणारा माणूस गंभीरपणे म्हणाला, "इथल्या लोकांना पार्कर समजत नाही. पुण्याला दाखव."