‘रॅममध्ये फक्त जीबी बघा’: अर्धं खरं, उरलेलं भाबडं

डेस्कटॉप जुळवायला घेतला की एक सल्ला हमखास कानावर येतो. फिरत फिरत त्याचं रूप साधारण असं झालंय: “रॅममध्ये फक्त जीबी बघा. १६ ची एक स्टिक काय नि ८-८ च्या दोन काय, सारखंच. एकच घ्या, पुढे वाढवता येते. वेग हवाच असेल तर चारही स्लॉट भरा आणि मेगाहर्ट्झ जास्त असलेली घ्या.”

“फक्त जीबी बघा.” यात तथ्य आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज पेजफाइलकडे, म्हणजे डिस्कवर रॅमऐवजी वापरायच्या जागेकडे, धावते, आणि एसएसडी कितीही चपळ असली तरी तिचा हिशोब मायक्रोसेकंदांचा, रॅमचा नॅनोसेकंदांचा. तिथे मांडणीची कसलीही हुशारी चालत नाही. मांडणीचा प्रश्न येतो तो जीबी पुरेसे झाल्यावर.

“एक काय नि दोन काय.” खरी गफलत इथे आहे. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमसाठी ६४ बिटांचे दोन चॅनल, म्हणजे डेटा जायचे-यायचे दोन रस्ते, असतात. डीडीआर४-३२०० (डीडीआर४ ही रॅमची पिढी, तिच्यापुढची डीडीआर५) सेकंदाला ३२० कोटी वेळा डेटा पाठवते, दर वेळी ८ बाइट. म्हणजे एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींवर मिळून ५१.२. एकच स्टिक लावली की दुसरा चॅनल ओसाड. पत्र टाइप करताना किंवा ब्राउझर चालवताना हे जाणवत नाही, म्हणूनच तर हा सल्ला टिकून आहे. पण प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळून बघा. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. दुसरी स्टिक लावताच फ्रेम्स ठळकपणे वाढतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फरक कमी आणि गेमगणिक वेगळा. फायली झिप करण्यासारख्या कामातही तो दिसतो.

यावर हल्ली एक उत्तर येतं: “डीडीआर५ ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनल.” नाही. तिच्यात ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात खरे, पण बेरीज ६४ च. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून दोन भाकरी होत नाहीत.

“पुढे वाढवता येते.” येते. मदरबोर्डला दोनच स्लॉट असतील तर हा विचार रास्तही आहे. मात्र नंतर आणलेल्या स्टिकचे टायमिंग वेगळे निघाले तर दोन्ही संथ असलेलीच्या चालीने चालतात.

“चारही स्लॉट भरा.” स्लॉट चार, चॅनल दोनच. उलट एका चॅनलवर दोन-दोन स्टिक आल्या की रॅम हाताळणाऱ्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचाच अधिकृत आकडा बघा: दोन स्टिकला डीडीआर५-५२००, चार लावल्या की ३६००. क्षमता हवी असेल तर चार लावा, वेगासाठी नको.

“मेगाहर्ट्झ जास्त.” पाकिटावर ६००० लिहिलेली डीडीआर५ बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही जादा वेगाची तयार सेटिंग चालू केल्याशिवाय बहुधा ४८०० वरच रेंगाळते. शिवाय सीएल, म्हणजे मागितलेला डेटा येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात तो आकडा, बघावा लागतो. ३२०० ला सीएल १६ आणि ६००० ला सीएल ३०, दोन्हींची सीएलपुरती वाट १० नॅनोसेकंदांची. ६००० ला सीएल ४० घेतली तर ती १३.३ होते. (सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३२०० ऐवजी १६०० दिसलं म्हणून फसवणुकीची ओरड करू नका. घड्याळ १६०० चंच असतं, डेटा प्रत्येक ठोक्याला दोनदा जातो.)

दोन स्टिक घेऊन त्या शेजारी-शेजारी खोचणारेही असतात. मीही कधीकाळी त्यांतलाच. चार स्लॉटच्या बोर्डवर तसं केलं तर बहुतेक वेळा दोन्ही एकाच चॅनलवर जातात. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, बोर्डवर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. बोर्डाची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका. टास्क मॅनेजरमध्ये मात्र तपासू नका, तिथे चार स्लॉटपैकी दोन वापरात एवढंच कळतं. चॅनल सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर दिसतात.