उरल्यासुरल्यावर भागत नाही

डोंगरी ओढ्यांतले कॅटफिश (मिशांचे मासे) घरच्या टाकीत पाळण्यावरच्या लेखात "तळाशी पडलेलं उरलंसुरलं खाऊन हे कॅटफिश टाकी साफ ठेवतात" हे वाचून कपाळावर हात मारला. हे मासे मुख्यतः किड्यांच्या अळ्यांवर जगतात. शेवाळाशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यात हारा जेर्डोनी म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटरचा, भलताच संथ जीव. दिवसभर दगडाखाली दडलेला. अंधार पडल्यावर मिशांनी चाचपडत तो बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी सगळं फस्त केलेलं असतं. मी दिवे मालवल्यावर ब्लडवर्म (लाल अळ्यांचं खाद्य) नळीने थेट त्याच्या दगडापाशी सोडते, तेव्हा कुठे त्याच्या पोटात काही जातं.

आणि मासे पकडायच्या जाळीबद्दल लेखात चकार शब्द नाही! त्याच्या छातीच्या परांचे काटे करवतीसारखे दातेरी असतात. जाळीत अडकले की सोडवताना नाकी नऊ येतात. सरळ वाटीत धरा.