हत्ती कणकुंबीत तोच, अथणीतही तोच

परवा सकाळी सातला निपाणीकडच्या मामांचा फोन. ‘‘सोयाबीनचं बी काढून ठेवलंय. उद्या पेरायला कुरी धरतो. मिरगाचं वाहन हत्ती हाय.’’ मिरग म्हणजे मृग नक्षत्र, आणि पंचांगात त्याचं वाहन हत्ती असलं की पाऊस भरपूर, असा समज. कुणी सांगितलं? तर मोबाईलवर आलंय. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला गावकीच्या, भावकीच्या आणि दहावीच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर मिळाला. म्हणजे अर्ध्या सीमाभागाने तो वाचला असं धरायला हरकत नाही.

मेसेजात थोडक्यात असं आहे: पंचायतीजवळ उभ्या केलेल्या हवामान केंद्रांच्या लहरींनी ढग फुटतात आणि पाऊस पुढे पळतो. त्यांचे आकडे खोटे असतात. औषधं खपवायचा आणि विमा बुडवायचा हा डाव आहे. यंदा हत्ती आहे, मिलिमीटरच्या नादी न लागता पेरा. आणि शेवटी, खांब दिसला की उपटून टाका.

आधी लहरींचं बघू, कारण खांब उपटायचा सल्ला त्यातूनच आलाय. पंचायतीच्या पर्जन्यमापकात असतं काय? वर एक नरसाळं, आत सी-सॉसारखी हलणारी दोन चिमुकली पात्रं. ठरावीक पाणी साठलं की एक पात्र कलंडतं, दुसरं वर येतं. किती वेळा कलंडलं ते मोजायचं, झाला पाऊस. सोबत सौर पट्टी, बॅटरी आणि एक सिम. आपल्या मोबाईलात असतं तसलंच सिम, आणि त्यावरून दर पंधरा मिनिटांनी एक छोटासा आकडा जातो. त्याने ढग फुटत असतील तर हा मेसेज दिवसातून चाळीसदा पुढे ढकलणाऱ्यांनी आत्तापर्यंत तिलारीचं धरण कोरडं पाडलं असतं. काही वर्षांमागे सांगली-साताऱ्याकडे पवनचक्क्यांवर हाच आळ होता. पाऊस लांबला की काहीतरी उंच, नवं आणि दुसऱ्याच्या मालकीचं शोधायचं, ही आपली जुनी खोड.

आता समजा, उपटला खांब. पुढं काय? हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या केंद्राच्या नोंदीवरून. पाऊस किती, खंड किती दिवसांचा, हे सगळं तिथून. म्हणजे ज्या दिवशी अथणीच्या द्राक्षवाल्याला ‘अमुक तारखेला एवढा पाऊस झाला’ असं दाखवायचं असेल, त्या दिवशी त्याच्या हातात तेवढाच कागद असतो. तोच आपल्या हाताने फाडायचा? केंद्र बंद असेल, नरसाळ्यात पाला अडकला असेल, कोळ्यानं जाळं केलं असेल, तर लेखी तक्रार द्या, फोटो काढा, पोच घ्या. विमा बुडतो तो नोंद नसल्यामुळे. हा मेसेज लिहिणाऱ्याने विमा कंपनीचं काम फुकटात केलंय.

आता हत्ती. पंचांगातलं वाहन कसं काढतात ते मामांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी मलाही नव्हतं. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी बघायची. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, मग मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती. या गणितात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही. गावाचं नावसुद्धा नाही! मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला हत्ती, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीलाही तोच हत्ती. अरबी समुद्राकडून आलेला ओला वारा चोर्ल्याच्या घाटाला चढतो, खानापूरच्या रानात पाऊस टाकतो आणि पूर्वेला उतरता उतरता कोरडा होतो. म्हणून इकडं चिखलात भाताची लावण चाललेली असते तेव्हा तिकडं टँकरची वाट बघत असतात. हत्तीला एवढी वाट चालवत नाही असं दिसतंय.

नक्षत्रांना मात्र मी नावं ठेवणार नाही. ती सूर्यावर चालतात, म्हणून मिरग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो, आणि मोसमी पाऊस आपल्याकडे येतो तोही साधारण त्याच सुमाराला. आज्याचा अंदाज तिथवर बरोबर होता. पण मिरग निघाला म्हणजे जमीन भिजली असं आजासुद्धा म्हणत नव्हता. तो ढेकूळ फोडून बघायचा.

खरं नुकसान इथं आहे. मामांकडे त्या दिवशीपर्यंत पडला होता १८ मिलिमीटर. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय हात लावू नका, असं कृषी खातं दर जूनला ओरडून सांगतं. वर ओल, विळा खुपसला तर खाली भुगा. अशा रानात बी फुगतं, कोंब निघतो आणि आठ दिवस उघडीप पडली की जागेवर जळतो. एकरी तीस किलो बी, त्यावर खत, त्यावर कुरीचं भाडं, आणि मग दुबार पेरणी. हत्ती काही बियाण्याचे पैसे परत देत नाही. खानापूरकडची धुळवाफ पेरणी वेगळी. तिथलं भात कोरड्यात टाकतात ते पाऊस हमखास येतो म्हणून. निपाणीच्या माळावर तो हिशेब लावू नये.

‘आकडे खोटे’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. तेव्हा पंचायतीपाशी शून्य आणि तुमच्या शिवारात ओढा, हे घडू शकतं. फुकटची ॲपं तर मोठ्या चौकोनाची सरासरी दाखवतात. औषध कंपन्यांचंही पूर्ण खोटं नाही. यंत्र बसवून सोबत फवारणीचं वेळापत्रक विकणारे आहेतच. पण पान किती तास ओलं राहिलं हे कळलं की द्राक्षवाला डाऊनी या बुरशीच्या रोगाची एखादी फवारणी वाचवू शकतो, हेही तेवढंच खरं.

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र १९८८ साली दुष्काळ कक्ष म्हणून सुरू झालं. आज त्यांचे पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत आणि हवामान केंद्रं होबळीपर्यंत, म्हणजे तालुक्याखालच्या गावांच्या गटापर्यंत, आहेत. ‘वरुण मित्र’ ही त्यांची फोनसेवा चोवीस तास चालते. अडचण एकच. लेखी सल्ला येतो कन्नडमध्ये, आणि मामांच्या पिढीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ती मोकळी जागा असले मराठी मेसेज भरून काढतात. वाचता येणाऱ्या पोरांनी रोज सकाळी साडेआठचा आकडा ग्रुपवर मराठीत टाकला तर काय बिघडतं?

मामांना म्हटलं, मामा, पंचायतीवर विश्वास नसेल तर सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टी बुडवा, आकडा लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एकरात चार हजार लिटर पाणी. हे ऐकून ते जरा थांबले. कुरी धरली नाही.

काल पुन्हा फोन. ‘‘अरे, एका रात्रीत एकशे चाळीस झाला की! पेरू काय?’’

डबा कुठं ठेवलाय विचारलं. पागोळीखाली.