चिपाड आमचं, वीज त्यांची

थोरले बंधू, आमचे आण्णा, निपाणीकडं ऊस करतात. मी डेन्मार्कात आर्हुसला असतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी भागात गुर्लापूर क्रॉसवर शेतकऱ्यांनी रस्ता धरला, तेव्हापासून आमचे फोन लांबले. मागणी टनाला ३,५०० रुपयांची होती, सरकार मध्ये पडलं आणि ३,३०० वर मिटलं. आण्णांचा राग मात्र वेगळाच. "साखरंचा भाव पडलाय म्हणून कारखानेवाले रडत्यात, मान्य. पण आमच्या उसाचं चिपाड जाळून वीज विकत्यात, ती कुठल्या हिशेबात?"

प्रश्न बिनतोड आहे. केंद्रानं साखर धंद्यासाठी नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ साली सांगितलं होतं की साखर आणि उपपदार्थांच्या किमतीतले ७० टक्के ऊसवाल्याचे. त्यात बगॅस, म्हणजे आमचं चिपाड, धरलं होतं, पण चिपाड म्हणूनच. बॉयलरमध्ये गेल्यावर त्याची वीज झाली की ती कारखान्याची. अक्षय ऊर्जा म्हणून तिचं कौतुक होतं, दर वीज नियामक आयोग ठरवतो, करार वीज कंपनीशी होतो. या सगळ्या बैठकांत ऊसवाला कुठंच नसतो. सरकार आणि कारखानदार यांचे संबंध कसे आहेत, हे बेळगाव जिल्ह्यात विचारणंच विनोदी. कितीतरी ठिकाणी दोन्ही खुर्च्यांवर माणूस एकच.

इथं डेन्मार्कात असे संबंध नाहीत असं समजू नका. १९७९ पासून डॅनिश सरकारनं पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत अनुदान दिलं, त्यावरच हा धंदा उभा राहिला. २०२४ च्या डिसेंबरात उत्तर समुद्रातल्या ३,००० मेगावॅटच्या निविदेत अनुदान नव्हतं, तर एकही बोली आली नाही. मग सरकारनं अनुदान परत आणलं. लाडावलेलं पोर रुसलं की आईबाप करतात तेच!

फरक मला दिसतो तो एवढाच : पवनचक्कीच्या शेजाऱ्याचा वाटा इथं कायद्यात होता. २००९ च्या कायद्यानं साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रकल्पाचे २० टक्के शेअर विकत देऊ करणं बंधनकारक केलं. २०२० मध्ये ते गेलं आणि त्याजागी जवळच्या घरांना दरवर्षी बोनस आला. विरोध तरीही होतो, आणि चांगला कडक होतो. पण भांडायला आलेल्या म्हाताऱ्याला आपला आकडा ठाऊक असतो.

"तुझं युरोप ऱ्हाऊ दे तिकडंच," आण्णा म्हणाले. मग मी पावगड्याचं सांगितलं. तुमकूर जिल्ह्यातल्या त्या २,०५० मेगावॅटच्या सोलर पार्कसाठी कर्नाटकानं जमीन विकत घेतली नाही, एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्यानं घेतली. सातबारा, म्हणजे तिकडचा पहाणी उतारा, शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. भूमिहीन मजुराला मात्र त्यातलं काही मिळालं नाही, हेही सांगायला हवं. पण सरकारनं मनात आणलं तर सरकार आणि कंपनीच्या करारात शेतकऱ्याचं तिसरं नाव घालता येतं, ते आपल्याच राज्यात झालंय. मग उसाच्या बिलावर विजेची एक ओळ छापायला काय अडतं? सुरुवातीला नुसता आकडा छापा, वाटणीचं भांडण पुढं होईलच.

आण्णांना हे पटलं. म्हणाले, "लिहून पाठव. पण कन्नडातच पाठव हं. कारखान्यात मराठी चालतंय, डीसी, म्हंजे कलेक्टरच्या हापिसात घ्यायचे न्हाईत."

माझं कन्नड सहावीला जिथं सुटलं तिथंच आहे. अर्ज अजून अर्धाच झालाय.