‘सात तासांत कसला मेक्सिको?’ : प्रोग्रेसोच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्रूझवरून सहा-सात तास उतरून गाव कळत नाही, मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या प्रोग्रेसो बंदरात तर बघण्यासारखं काहीच नाही, आणि जहाजाची सहल सोडून साध्या बसने राज्याची राजधानी मेरिदाला जा असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघणाऱ्या आई-बाबांना तुम्ही जहाजावरच थांबायला सांगितलंय.

जहाज चुकण्याची भीती खरी आहे. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आपले आपण गेलो तर थांबत नाही. पण मोठा घोळ घड्याळाचा असतो. मेक्सिकोच्या बहुतेक भागात २०२२ पासून उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं, बंद आहे, त्यामुळे उन्हाळ्यात युकातान टेक्सासच्या एक तास मागे असतं. जहाज टेक्सासच्याच वेळेवर चालत असेल, तर उतरल्यावर मोबाइल स्थानिक वेळ धरतो आणि हाताशी एक तास जास्त असल्यासारखं वाटतं. म्हणून मनगटावर जहाजाच्या वेळेचं घड्याळ हवं आणि ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी प्रोग्रेसोत परत यायला हवं. मेरिदा पस्तीसेक किलोमीटरवर आहे, बसला तासभर लागतो. एवढं सांभाळलं तर धोका उरतो कुठे?

प्रोग्रेसोत काहीच नाही? ज्या धक्क्यावर जहाज लागतं तो साडेसहा किलोमीटर लांब आहे, कारण चुनखडीचा तळ इतका हळूहळू उतरतो की मोठ्या जहाजाला पुरेल एवढं पाणी फार आत मिळतं. शेजारच्या चिक्शुलूब गावाजवळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उल्कापाताच्या विवराचं केंद्र आहे. वर दिसत काही नाही, सगळं गाडलं गेलंय. पण त्याच सुमाराला आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थर साचत होते, आणि डायनासोरांच्या अंतात कुणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. सह्याद्रीच्या माणसाला तिथे उभं राहून काहीच वाटू नये?

आता मुख्य मुद्दा. सात तासांत मेक्सिको कळत नाही, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. माझं म्हणणं एवढंच की वेळ थोडा असेल तर एकच जागा धरावी. मेरिदाचा मोठा चौक घ्या. दक्षिणेला युकातान जिंकणाऱ्या स्पॅनिश मोंतेहो घराण्याचा सोळाव्या शतकातला वाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले स्पॅनिश शिपाई उभे आहेत आणि त्यांचे पाय माणसांच्या मुंडक्यांवर आहेत. मुंडक्यांची तोंडं वासलेली, जणू किंचाळताहेत. पूर्वेला १५९८ मध्ये पूर्ण झालेलं कॅथेड्रल. हे शहर इथल्या मूळच्या माया लोकांच्या ज्या नगरावर वसवलं, तिथल्या देवळांचे दगड त्याच्या बांधकामात गेले. उत्तरेला सरकारी वाडा, तिथे फर्नांदो कास्त्रो पाचेको या मेरिदाच्याच चित्रकाराने १९७० च्या दशकात रंगवलेली मायांच्या हालअपेष्टांची भलीमोठी चित्रं, तीही फुकट बघायला. जिंकणाऱ्यांनी स्वतःबद्दल काय कोरलं आणि चारशे वर्षांनी त्याच गावच्या माणसाने त्याला काय उत्तर दिलं, हे एका चौकात समोरासमोर आहे. त्यासाठी आठवडाभर राहावं लागत नाही. जहाजावर बसून मात्र ते कधीच दिसणार नाही. शिवाय बसचं भाडं आणि बाजारातल्या जेवणाचे पैसे गावातच राहतात. धक्क्याच्या फाटकाबाहेर न पडणाऱ्या प्रवाशाकडून गावाला काय मिळणार?

आई-बाबांना बस जड जाईल, तर टॅक्सी घ्यावी. जाऊन-येऊनचं भाडं बसण्याआधी ठरवावं. एप्रिल-मेमध्ये ऊन फार कडक असतं, दुपारी चौकातल्या झाडांखाली बसावं. सरकारी वाड्यात वरच्या दालनाला जिना आहे. गुडघे साथ देत नसतील तर खालच्या भिंतींवरही चित्रं आहेत. शाकाहारी असतील तर काळ्या घेवड्याची उसळ चरबीत शिजवली आहे का ते आधी विचारावं, तिकडे तशी पद्धत आहे. पण त्यांना उतरू द्या.