काम नसताना शिवारात जाण्याचे निमित्त

खेड्यात राहणाऱ्या माणसाला 'जरा फिरून या' असे कोणी सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या हिंगणघाट तालुक्यात शिवारात जायचे तर काम असावे लागते. निंदण असते, वेचणी असते, ढोरांचा चारा आणायचा असतो, लाईन आली की मोटार सुरू करायची असते. पुरुषाला निदान 'वावरात चक्कर मारून येतो' एवढे म्हणून निघता येते. बाई मात्र मुलांना घेऊन विनाकारण पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या वाटेने, चालताना दिसली, तर गावात तिची चौकशी सुरू होते. शहरातल्या नातेवाइकांचा समज असा असतो की आमची मुले दिवसभर रानात हुंदडत असतील. प्रत्यक्षात शाळा, शिकवणी, मोबाईल आणि अलीकडे वाघाची धास्ती यांमुळे सहावीसातवीतल्या मुलाने आपल्याच गावाच्या पलीकडच्या अंगाचा नाला पाहिलेला नसतो, आणि निंब व बकाननिंब शेजारी उभे केले तर त्याला ते ओळखता येत नाहीत.

म्हणून मी आज थोडे सविस्तर लिहिते आहे. जिओकॅशिंग नावाचा जो खेळ परदेशात कुटुंबे बागांमधून आणि रानवाटांवरून खेळतात, तो आमच्यासारख्या गावांना शहरांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे. अट एवढीच, की तो इथल्या जमिनीला धरून खेळला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकाने घट्ट झाकणाचा डबा कुठेतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवायचे. बाकीच्यांनी जीपीएसच्या आधाराने तिथवर जाऊन डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची, आतली एखादी किरकोळ वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा होता तिथे परत लपवायचा.

हा खेळ सुरू कसा झाला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली होती, त्यामुळे जागा सुमारे १०० मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकण्यात आली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता, आणि बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांप्रमाणे जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरायचा नाही आणि त्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. म्हणजे या खेळाचा मूळपुरुष आज आला असता, तर त्याचा डबा तपासणाऱ्यांनी नापास केला असता. आता जगभरात असे तीस लाखांवर डबे आहेत. आमच्या गावाच्या आसपासचा नकाशा मात्र रिकामा आहे, म्हणून आम्ही घरगुती पद्धतीने खेळतो: एका घराने लपवायचे, आकडे व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, दुसऱ्या घराने शोधायचे.

'हे म्हणजे मोबाईलचेच व्यसन, फक्त उन्हात बसून,' असा शेरा आमच्याच घरातल्या एका शिकलेल्या माणसाने मारला होता. त्यांना उत्तर देण्यासाठी थोडे गणित मांडते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, आणि त्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरहूनही कमी. आकडे इतके बारीक लिहिता येतात, पण हातातला फोन इतका बारीक नसतो. उघड्या वावरात तो चारपाच मीटरच्या फरकाने जागा दाखवतो, आणि दाट चिंचेखाली गेले की आकडा इकडून तिकडे उड्या मारू लागतो. त्यामुळे शेवटच्या दहापंधरा मीटरमध्ये फोन निरुपयोगी होतो, तो खिशात जातो आणि डोळे उघडावे लागतात. कोणत्या बुंध्याला बेचके आहे, कोणता दगड नुकताच हललेला आहे, कुठले गवत दबलेले आहे, हे पाहावे लागते. माझ्या मुलीने नववीच्या भूगोलात अक्षांश-रेखांश पाठ केले होते, पण मिनिटातल्या दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक म्हणजे आपली दोन पावले, हे तिला पांदणीत समजले.

दिवाळीच्या सुट्टीतला एक प्रसंग सांगते. माझी मुले, जाऊबाईंची मुले, मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, असे पांदणीतल्या एका मोहाच्या झाडाभोवती घिरट्या घालत होतो. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी थांबली.

"काय हरपलं वं बाई?"

"डबा शोधून राह्यलो आजी."

"कोनाचा?"

"आमचाच."

"ठेवला कोनं?"

"आमच्याच जाऊबाईनं."

ती इतकी हसली की तिला मोळी खाली ठेवावी लागली. मग आम्ही सगळे वर फांद्यांकडे पाहत असताना तिने पायाने एका दगडाकडे खूण केली आणि म्हणाली, "थो गोटा कालपरयंत तिथं नोता." डबा त्याच दगडाच्या आडोशाला होता. वहीत नाव लिहायचे असते असे मुलीने सांगितल्यावर तिने आपले नाव सांगितले आणि 'सुनेचंही लिव' म्हणून बजावले. डब्यातले टिकल्यांचे पाकीट तिला आवडले. बदल्यात ती पदराच्या गाठीतली बोरे टाकू लागली, तेव्हा धाकट्याने तिला गंभीरपणे समजावले की खायचे ठेवले तर मुंग्या आणि माकडे येतात. मग तिने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून डब्यात ठेवली. त्या दिवसापासून मला पांदणीत पाहून कोणी चौकशी करत नाही. 'डबेवाले आले' एवढेच म्हणतात. काम नसताना शिवारात जाण्याची मुभा एका बाईला अशी मिळाली, आणि माझ्या दृष्टीने या खेळाची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

आता अडचणींकडे येते, कारण परदेशातले उत्साही वर्णन वाचून कोणी उद्या सकाळी मुलांना घेऊन जंगलात शिरावे, असे मला अजिबात वाटत नाही. तिकडे 'जंगलातली वाट' म्हणजे आखलेली, पाट्या लावलेली, मुलांच्या गाडीसकट चालता येणारी वाट असते. आपल्याकडे अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. एकीकडे बोर आणि दुसरीकडे ताडोबा हे व्याघ्र प्रकल्प असताना वाघ काही कागदावरची हद्द पाळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात तर प्रकल्पाबाहेरच्या वाघांचा वावर आणि माणसांवरचे हल्ले हा रोजच्या जगण्याचा प्रश्न झालेला आहे. म्हणून जंगलालगत डबा ठेवायचा नाही, या मुद्द्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. गावठाण, तलावाची पाळ, शाळेमागचा माळ, देवळाकडे जाणारी झाडीची वाट आणि घरे नजरेच्या टप्प्यात असतील एवढ्या अंतरापर्यंतची पांदण, एवढा पट आपल्याला पुरेसा आहे. ऊन उतरायच्या आत, म्हणजे चारसाडेचारला, घराकडे वळायचे.

वाघापेक्षाही मला दोन गोष्टींची जास्त भीती वाटते. पहिली, कठडा नसलेल्या जुन्या विहिरी. त्यांच्या काठावर घाणेरी इतकी माजलेली असते की मोठ्या माणसालाही विहीर दिसत नाही, आणि ज्याची नजर फोनच्या बाणावर आहे त्याला तर नाहीच नाही. दुसरी, कुंपणाच्या तारा. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांना थोपवण्यासाठी सौर झटका यंत्र लावणे समजू शकते, पण काही जण चोरून थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही मेलेली आहेत. लपवणाऱ्याने ती जागा आधी दिवसाउजेडी पायी फिरून पाहिली पाहिजे, आणि फोनवर सरळ रेषा दाखवत असली तरी वाट कोणती धरायची हे आकड्यांबरोबर लिहून दिले पाहिजे. बिळात, ढोलीत किंवा दगडांच्या ढिगात हात घालावा लागेल असा डबा आम्ही लपवतच नाही, कारण घोणस आणि विंचू यांना आपला खेळ माहीत नसतो. वर फांदीला आग्यामोहोळ आहे का, हेही आधी पाहावे. पावसाळा आणि आमच्याकडचा उन्हाळा सोडून द्यावा. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस या खेळाचे.

बेवारस डब्याचा संशय ही अडचण शहरात जास्त, पण गावातही आहेच. बसस्टँड, देऊळ, दवाखाना, बँक यांच्या आसपास काहीही लपवू नये. आम्ही आतले सगळे दिसेल अशी पारदर्शक बरणी वापरतो, तिच्यावर 'हा मुलांच्या खेळाचा डबा आहे' असे मराठीत ठळक लिहितो आणि सरपंच व पोलीस पाटील यांना जागा सांगून ठेवतो. जमीन ज्याची असेल त्याला विचारणे हा तर मूळ खेळाचाही नियम आहे. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, मात्र डबा ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण परवानगी कोणाची घ्यायची हे ठरवायला आधी मोजणी आणावी लागेल.

काही ठिकाणी डब्याचीही गरज नसते. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'अर्थकॅश' या प्रकारात फक्त जागा द्यायची, आणि तिथे येणाऱ्याने भूगर्भाशी संबंधित एखादी गोष्ट नीट पाहून प्रश्नाचे उत्तर पाठवायचे. या प्रकारासाठी समुद्रपूर तालुक्यातली गिरडची टेकडी मला फार योग्य वाटते. तिथे बाबा फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीवर सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही आख्यायिका आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते; हे दगड झिओलाइट खनिजाच्या गाठी आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. मुलांना तिथे नेऊन दगड न उचलता त्यांचा आकार, रंग आणि आसपासच्या काळ्या खडकाशी असलेला फरक लिहायला लावावा. आख्यायिका सांगणाऱ्याने सांगावी, खनिजशास्त्र सांगणाऱ्याने सांगावे. दोन्ही ऐकून मुलांचे काही बिघडत नाही.

आणि हिंगणघाटकरांना तर या खेळाशी नाते सांगण्याचा वेगळा हक्क आहे. १८०२ मध्ये मद्रासपासून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे कर्नल विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले आणि त्यांना इथेच पुरले. सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र टेकडीवर आणि देवळाच्या शिखरावर चढवून त्यांनी जे अक्षांश-रेखांश ठरवले, तेच काम आज आपल्या खिशातला फोन क्षणात करतो. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे निघालेली त्यांची रेषा पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयापर्यंत नेली. या माणसाचे नाव आमच्या किती शाळांत घेतले जाते, ते शिक्षकांनीच सांगावे. मुलांना पहिला आकडा द्यायचा असेल तर तो लॅम्बटनच्या कबरीचा द्यावा, असे मी सुचवते; तिथे काही लपवू नये, फक्त जाऊन यावे.

राहता राहिला पांदणींचा प्रश्न. शासन पाणंद रस्त्यांसाठी योजना काढते, मुरूम पडतो, तरीही ज्या पांदणीने कोणी चालत नाही ती दोन्ही बाजूंच्या वावरांत हळूहळू जिरते. दर नांगरणीला नांगराच्या दोनचार ओळी आत येतात आणि दहा वर्षांनी बैलगाडीही जात नाही. आमच्या खेळातल्या एका पांदणीची तशी अवस्था झालेली होती. मुले वरचेवर जाऊ लागल्यावर मामाजींनी आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी मिळून बाभळीचे काटे छाटले, आणि आता त्या वाटेने कापसाची गाडी घराकडे येते. सगळ्याच पांदणींचे असे होईल असा माझा दावा नाही. अतिक्रमण करणारा आपला चुलतभाऊच असतो, तेव्हा ते प्रकरण बरणीने सुटत नाही.

आमच्या डब्यांचे आकडे मी इथे जाहीर करणार नाही, कारण कोण कुठून येईल आणि कोणत्या विहिरीशेजारून जाईल याची जबाबदारी मला घेता येणार नाही. आसपासच्या गावांतल्या ज्यांना मुलांसह यायचे असेल त्यांनी मला आधी निरोप पाठवावा. वेचणीचा जोर ओसरल्यावरचा एखादा रविवार ठरवू. येताना बंद बूट, पाणी आणि एक काठी आणावी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवून येऊ नये.